थांबणाऱ्याची जागा

१० ऑगस्ट २०२४ ची सकाळ. पॅरिस ऑलिंपिकमधली पुरुषांची मॅरेथॉन सुरू होती. रिओ आणि टोकियो अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं नावावर असलेला केनियाचा एलियूड किपचोगे तिसऱ्या सुवर्णपदकासाठी उतरला होता. चढ-उतारांच्या त्या रस्त्यावर त्याची पाठ धरली. आधी तो मागे पडला, मग चालू लागला आणि तीस किलोमीटर झाल्यावर शर्यतीतून बाजूला झाला. मॅरेथॉन अर्धवट सोडण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

शर्यत जिंकली इथिओपियाच्या तामिरात तोलाने. वेळ २ तास ६ मिनिटं २६ सेकंद, नवा ऑलिंपिक विक्रम. हा तोला मूळ संघात नव्हता, राखीव होता. त्याच वर्षी बोस्टन मॅरेथॉन जिंकलेल्या सिसाय लेमाची जागा पक्की होती. पण लेमाला दुखापत झाली, शर्यत तोंडावर आलेली असताना तो मागे सरला आणि ती जागा तोलाला मिळाली. ‘बघू, तोवर होईल बरं’ म्हणत लेमा हटून बसला असता, तर हे सुवर्णपदक इथिओपियाकडे गेलं असतं का, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

आपल्याकडे मात्र मॅरेथॉन म्हटली की पहिलं वाक्य कानावर येतं ते ‘थांबला तो संपला’. ते टी-शर्टांच्या पाठीवर असतं, ग्रुपच्या बॅनरवर असतं, पहाटे चारला मोबाइलवर येणाऱ्या संदेशात असतं. या वाक्याने कित्येकांना अंथरुणातून उठवलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण याच वाक्याने कित्येकांना लंगडत धावायलाही लावलं आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे मांडण्याची गरज आहे. मॅरेथॉनची तयारी मित्रमैत्रिणींसोबत करावी, जरूर करावी. पण सोबतीचं मुख्य काम एकमेकांना पुढे ढकलणं हे नव्हे. वेळेवर थांबता यावं, थांबल्यावर एकटं पडू नये आणि बरं झाल्यावर परत येता यावं, यासाठी सोबत हवी. धावणाऱ्यांचा ग्रुप किती चांगला आहे, हे त्याने मिळवलेल्या पदकांवरून कळत नाही. दुखऱ्या पायाच्या माणसाला तिथे काय जागा आहे, यावरून ते कळतं.

हे का म्हणायचं, ते नीट समजायला तयारीचे चार-पाच महिने डोळ्यांसमोर आणावे लागतात.

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे तयारीला लागायचं ते भाद्रपदात. सुरुवातीचे लाँग रन भर पावसात होतात. मधे गणपती येतात, नवरात्राचे उपास येतात, दिवाळीचा फराळ येतो, घरातली लग्नं येतात. दर रविवारी अंतर थोडं थोडं वाढत जातं आणि शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी तीस-बत्तीस किलोमीटरचा सगळ्यात मोठा रन होतो. मरीन ड्राइव्ह, शिवाजी पार्क, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, ठाण्याचं येऊर, नवी मुंबईचा पाम बीच रोड, पुण्याचा विद्यापीठ परिसर, कोल्हापूरचा रंकाळा, साताऱ्याचा यवतेश्वर घाट: दर रविवारी पहाटे या सगळ्या ठिकाणी हेच चित्र दिसतं. गाडीच्या डिकीत पाण्याचे कॅन, केळी, खजूर, चिक्की. कोणी तरी घरून कोकम सरबत आणलेलं. डिकीच्या कडेला बसून कोणी बुटाची नाडी सैल करतं, कोणी पोटरीला स्प्रे मारतं.

हे सगळं एकट्याने करणारे लोक आहेत, पण ते थोडेच. बहुतेकांना पहाटे चारच्या गजराला उठवतो तो गजर नव्हे, कोपऱ्यावर कोणी तरी वाट बघत उभं असेल हा विचार. ‘मी आलो नाही तर तो एकटाच धावेल’ एवढ्या साध्या जाणिवेवर सोळा-अठरा आठवडे निघतात. त्यात व्यायामाची आवड असते, पण त्याहून जास्त दिलेला शब्द असतो.

या सोबतीच्या धावण्याचं मूळ शोधायला गेलं तर वाट न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला जाते. तिथे आर्थर लिडियार्ड नावाचा, बुटांच्या कारखान्यात काम करणारा एक माणूस आपल्या भागातल्या पोरांना घेऊन दर रविवारी डोंगरातल्या रस्त्याने बावीस मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, धावायचा. आठशे मीटरवालाही त्याच फेरीला आणि मॅरेथॉनवालाही त्याच फेरीला. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये या पोरांपैकी पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकलं. रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने हॅलबर्गचा डावा हात कायमचा अधू झाला होता. त्याच ऑलिंपिकमध्ये बॅरी मॅगीने मॅरेथॉनचं कांस्यपदक मिळवलं. धावताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून बोलणं तुटलं तर वेग जास्त झाला असं समजावं, हा आज जगभरचे प्रशिक्षक सांगतात तो साधा नियम या परंपरेतला आहे. नियम सोबतीशिवाय पाळता येत नाही, कारण बोलायला कोणी तरी लागतं.

पण ऑकलंडची खरी शिकवण पदकांत नाही, दोन वर्षांनंतरच्या एका प्रसंगात आहे. लिडियार्डने १९६२ मध्ये तिथल्या मध्यमवयीन, बैठं काम करणाऱ्या लोकांसाठी जॉगिंगचा क्लब सुरू करून दिला. हृदयविकारातून उठलेले लोकही त्यात होते. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाचा नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेला. पन्नाशीतला बॉवरमन स्वतःला धडधाकट समजत होता. या मंडळींसोबत धावायला निघाला आणि पहिल्याच टेकाडावर त्याला धाप लागली. घोळका पुढे निघून गेला. तेव्हा सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक म्हातारा आपला वेग कमी करून मागे आला आणि बॉवरमनसोबत गप्पा मारत हळूहळू चालत राहिला. बॉवरमन परत गेला तो जॉगिंग घेऊनच. त्याने गावकऱ्यांसाठी वर्ग सुरू केले, हृदयरोगतज्ज्ञासोबत जॉगिंगवर पुस्तक लिहिलं, आणि पुढे नायकी म्हणून जगाला माहीत झालेल्या कंपनीचा तो सहसंस्थापक होता. अमेरिकेत सामान्य माणूस रस्त्यावर धावू लागला, त्यामागे मागे राहिलेल्या पाहुण्यासाठी वेग कमी करणारा तो म्हातारा आहे.

इथवर सगळं सोबतीच्या बाजूचं. आता तिची दुसरी बाजू.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघातल्या बारा खेळाडूंवर एक प्रयोग झाला होता. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी पंचेचाळीस मिनिटं यंत्रावर वल्ही मारायची, कधी एकट्याने आणि कधी सहा जणांच्या तुकडीत, सगळ्यांनी एका तालात. आधी आणि नंतर त्यांच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो फुगवत न्यायचा आणि ‘आता दुखतंय’ असं खेळाडू कधी म्हणतो ते टिपायचं. मेहनत दोन्ही वेळा तेवढीच होती. तरी तुकडीत वल्ही मारल्यावर दुखणं सोसण्याची क्षमता एकट्याच्या तुलनेत जवळपास दुप्पट वाढलेली दिसली. एका तालात, एकमेकांसोबत हालचाल केली की शरीरात वेदना शमवणारी एंडॉर्फिन्स जास्त स्रवत असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे.

रविवारी सकाळी एकत्र धावणाऱ्या कोणालाही हे आतून पटेल. एकट्याने धावताना बारा किलोमीटरला जड झालेले पाय ग्रुपमध्ये वीस किलोमीटरलाही हलके वाटतात. पण या निष्कर्षाचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. दुखणं कमी जाणवलं म्हणजे इजा कमी झाली असं नव्हे. नडगीच्या हाडाला गेलेला बारीक तडा सोबतीने भरून येत नाही. त्याची बोंब तेवढी ऐकू येईनाशी होते. जी सोबत तीस किलोमीटर सुसह्य करते, तीच धोक्याची घंटाही दाबून टाकते.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो क्योलर या मानसशास्त्रज्ञाने नौकानयन क्लबातल्या खेळाडूंना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याला आणि मग जोडीने. जोडीतला कमजोर गडी दमला की जोडी संपली, असा खेळ होता. जोडीत आल्यावर कमजोर गड्याने एकट्यापेक्षा जास्त वेळ तग धरला. आपल्यामुळे सगळं अडतंय ही भावना माणसाला स्वतःच्या मर्यादेपलीकडे नेते. शर्यतीच्या दिवशी हे वरदान आहे. पण तयारीच्या अठरा आठवड्यांत, दर रविवारी, सगळ्यात कमी ताकदीचा माणूसच सगळ्यात जास्त ओढला जाणार असेल, तर मोडणार कोण हे वेगळं सांगायला नको.

धावणाऱ्याचं शरीर एका वेगाने तयार होत नाही. हृदय आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत सुधारतात; दम वाढलेला जाणवतो, माणूस खूश होतो, अंतर वाढवतो. स्नायूबंध आणि हाडं मात्र महिने घेतात. दम आणि हाडं यांच्यातल्या या अंतरातच बहुतेक दुखणी जन्माला येतात. टाचेचं दुखणं म्हणजे प्लांटर फॅसायटिस. सकाळी उठल्यावर फरशीवर टेकलेल्या पहिल्याच पावलाला खिळा टोचल्यासारखी कळ येते आणि दहा पावलं चाललं की ती विरते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला होणारी जळजळ, जिना उतरताना जास्त जाणवणारी. टाचेवरची शीर, नडगीची आतली कड, गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं. यातली बरीचशी वेळेवर लक्ष दिलं तर काही आठवड्यांत आटोक्यात येतात. दुर्लक्ष केलं तर पूर्ण मोसम खातात.

आता रविवारची एखादी सकाळ जवळून पाहावी. धावून आलेले चौघे जण डिकीपाशी उभे. त्यातली एक जण बूट काढून पाऊल चोळते आहे.

“काय गं, टाच अजून दुखतेय?”

“सुरुवातीला दुखते. गरम झाली की जाते.”

“मग ठीक आहे. माझीपण मागच्या वर्षी तशीच होती. बर्फ लाव.”

“पुढच्या रविवारी अठ्ठावीस आहे ना?”

“हो. त्याला चुकवू नकोस हां, बॅक टु बॅक झालं पाहिजे.”

यात कोणाच्याही मनात वाईट नाही. चौघेही एकमेकांना जीव लावणारे आहेत. तरीही चौघांनी मिळून एका दुखापतीला अठ्ठावीस किलोमीटर पुढे ढकललं. ‘माझंपण तसंच होतं’ या वाक्याने धीर मिळतो, पण निदान होत नाही. ताणलेल्या स्नायूचं दुखणं दोन्ही पायांत, पसरलेलं, दोन-तीन दिवसांत कमी होणारं असतं. हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं, धावत राहिलं की वाढत जातं, आणि पुढे पुढे रात्री पडल्यावरही ठसठसतं. जांघेत खोलवर दुखत असेल तर खुब्याच्या हाडाला तडा असू शकतो आणि त्यावर धावणं म्हणजे शस्त्रक्रियेला आमंत्रण. हा फरक डिकीपाशी उभ्या असलेल्या चौघांपैकी एकाला जरी माहीत असेल आणि तो तिथेच बोलून दाखवण्याची हिंमत त्याच्याकडे असेल, तर सोबतीचं सार्थक झालं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. जिद्द नसेल तर बेचाळीस किलोमीटर होणारच कसे? दर दुखण्याला थांबायचं ठरवलं तर शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर कोणीच पोचणार नाही. आणि उदाहरण दिलं जातं जोन बेनॉयचं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन पहिल्यांदाच होणार होती. अमेरिकेच्या निवड शर्यतीच्या सतरा दिवस आधी बेनॉयच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी १२ मे ला तिने निवड शर्यत जिंकली आणि ५ ऑगस्टला २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत ऑलिंपिकचं सुवर्णपदकही. जिद्द म्हणजे आणखी काय असते?

गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. मार्चमध्ये एका लांबच्या सरावात तिचा गुडघा असा अडकला की तिला धावणं थांबवून चालत यावं लागलं. तिने विश्रांती घेतली, औषध घेतलं, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गुडघा अडकला, तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीतून गुडघ्यात पाहिलं. अडथळा नेमका कुठे आहे ते सापडलं, तो काढला, आणि मग ती धावली. कारण कळलेलं दुखणं आणि कारण न कळलेलं दुखणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बेनॉयने जिद्दीने सोसलं ते पहिलं. आपल्याकडे जिद्दीच्या नावाखाली सोसलं जातं ते बहुतेक दुसरं. अमुक दुखणं कशाचं आहे हे माहीत असलेल्या माणसाने डॉक्टरांशी बोलून पुढे जाणं हा निर्णय आहे. काहीच माहीत नसताना पुढे जाणं हा जुगार आहे.

आणि थांबल्याने जातं तरी किती? एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सात कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण बंद करून ते मोजलं. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी घटली. आठ आठवड्यांनी ती १६ टक्क्यांनी कमी होऊन तिथेच स्थिरावली. म्हणजे तीन आठवडे अजिबात सराव न करताही भांडं रिकामं होत नाही. त्यात माणूस पोहत असेल, सायकल चालवत असेल तर घट आणखी कमी. ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे थांबलेला माणूस जानेवारीत धावू शकतो. ऑक्टोबरमध्ये न थांबलेला माणूस डिसेंबरमध्ये प्लास्टर घालून बसलेला असू शकतो.

मग किती वाढवायचं, कधी थांबायचं, याचं कोष्टक का पाळू नये? आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नका, हा धावणाऱ्यांच्या जगातला सर्वांत लाडका नियम. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी तो ५३२ नवख्या धावपटूंवर तपासला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांना दहा टक्क्यांच्या नियमाने तेरा आठवडे हळूहळू वाढवत नेलं, बाकीच्यांना आठ आठवड्यांत नेहमीच्या पद्धतीने. दुखापती दोन्हीकडे जवळपास सारख्याच: वीस टक्क्यांच्या आसपास. कोष्टक वाईट नाही, पण कोष्टकाला रात्री किती झोप झाली ते दिसत नाही. ऑफिसात काय चाललंय, घरी कोण आजारी आहे, गेल्या आठवड्यापासून उजवं पाऊल किंचित बाहेर का पडतंय, हे त्याला दिसत नाही. शेजारी धावणाऱ्याला दिसतं. म्हणून सोबत लागते, आणि ती बघणारी लागते.

गुडघे झिजतील म्हणून धावूच नका, असं सांगणारे नातेवाईक प्रत्येकाच्या घरात असतात. त्यांच्यासाठीही एक आकडा आहे. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा हौशी धावणाऱ्यांत गुडघा किंवा खुब्याच्या सांध्यांची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली, बैठ्या जीवनशैलीच्या लोकांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के. धावणं गुडघ्यांचा शत्रू नाही. अतिरेक आहे, आणि खुर्चीही आहे.

थांबणं सर्वांना सारखंच सोपं मात्र नसतं. बायकांच्या बाबतीत हे विशेष सांगावं लागतं. पहाटे साडेचारला एकटीने रस्त्यावर धावणं आपल्या कित्येक शहरांत अजून सुरक्षित वाटत नाही. ‘चौघीजणी असाल तर जा’ या अटीवर अनेकींना घराचं दार उघडतं. डबा रात्रीच अर्धा तयार ठेवून, मुलांच्या शाळेची बस येण्याआधी परतायचं या हिशोबाने त्या निघतात. त्यांच्यासाठी ग्रुप म्हणजे धावण्याची परवानगी असते. अशा बाईने ‘माझी टाच दुखतेय, तीन आठवडे येत नाही’ म्हटलं की घरून लगेच ऐकू येतं, ‘सांगितलं होतं ना, झेपणार नाही.’ आणि एकदा बंद झालेली पहाट पुन्हा सुरू होईलच याची शाश्वती नसते. म्हणून ती दुखणं लपवते. पुरुषही लपवतात, पण त्यांचा पणाला लागतो तो बहुधा अहंकार. तिची पणाला लागलेली असते आठवड्यातली एकमेव मोकळी सकाळ. ज्या ग्रुपला हे कळतं, तो अशा मैत्रिणीला सांगतो: तू ये. धावू नकोस, पण ये. ठरल्या वेळेला ये, आम्ही परत येईपर्यंत चाल, ताणाचे व्यायाम कर, सायकलवर पाणी घेऊन आमच्या बरोबर राहा.

थांबणाऱ्याची जागा म्हणतात ती हीच, आणि ती कल्पनेतली नाही. महाराष्ट्राने ती शतकानुशतकं पाहिली आहे. आळंदी-देहूहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. वारीच्या वाटेवर पायाला फोड आलेला, ताप भरलेला वारकरी दिंडीच्या सामानाच्या गाडीत बसून पुढच्या मुक्कामाला जातो. तिथे कोणी त्याच्या पायाला तेल लावतं, कोणी मलमपट्टी करतं, आणि दोन दिवसांनी तो पुन्हा आपल्या ओळीत चालू लागतो. दिंडीतून त्याचं नाव कमी होत नाही, त्याची वारी खोटी ठरत नाही.

मॅरेथॉनचं अंतर पहिल्यांदा दोन तासांच्या आत धावलं गेलं, तेव्हाही ही जागा होती. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात किपचोगे मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. त्याआधी मे २०१७ मध्ये इटलीतल्या मोन्झाला हाच प्रयत्न अवघ्या काही सेकंदांनी हुकला होता. व्हिएन्नात त्याच्यासोबत ४१ पेसर होते. एका वेळी सात जण त्याच्याभोवती धावत, वारा अंगावर घेत. ठरलेला टप्पा झाला की सातही बाजूला होत आणि दुसरे सात येत. पेसर असे बदलत राहिल्यामुळे ती वेळ अधिकृत विक्रम म्हणून धरली गेली नाही. पण दोन तासांची भिंत पडली ती आपला टप्पा संपल्यावर बाजूला व्हायची तयारी असलेल्या माणसांच्या खांद्यावर. ते थांबले, दम खाल्ला आणि पुन्हा आपल्या पाळीला हजर झाले.

तेव्हा यंदा जे ग्रुप जानेवारीच्या तयारीला लागतील, त्यांना काही गोष्टी मनापासून सांगाव्याशा वाटतात. रविवारी धावायला सुरुवात करण्याआधी दोन मिनिटं गोल उभं राहून प्रत्येकाला विचारा की कुठे दुखतंय, आणि उत्तर ऐकेपर्यंत घड्याळ सुरू करू नका. सगळ्यात मागे धावणाऱ्यासोबत आलटून पालटून कोणी तरी राहा. एकाच जागी, एका बोटाने दाखवता येणारं दुखणं आठवड्याहून जास्त टिकलं तर त्या माणसाला धावू देऊ नका. फिजिओकडे किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या, आणि पहिल्या वेळी सोबत जा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथल्या तिथे थांबा, त्यावर चर्चाच नको. थांबलेल्याला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून बाहेर पडू देऊ नका. त्याला पाण्याच्या कॅनची जबाबदारी द्या, वेळ नोंदवायला द्या, नवख्यांना चालवायला द्या. शर्यतीच्या दिवशी तो धावत नसेल तर त्याला पेडर रोडच्या चढावर उभं करा. परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटर झाल्यानंतर, पायातलं बळ संपत आलेलं असताना तो चढ येतो. तिथे ओळखीच्या आवाजात कोणी आपलं नाव घेऊन हाक मारली, तर त्याचं मोल धावून आलेल्यालाच कळतं.

आणि जो थांबला आहे त्याने एवढं लक्षात ठेवावं. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून सुरू आहे, पण तीही अखंड धावलेली नाही. करोनामुळे २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षं ती झालीच नाही. १५ जानेवारी २०२३ ला ती पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी इथिओपियाच्या हायले लेमीने ती २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत जिंकली. मुंबईच्या रस्त्यांवर इतक्या वेगाने त्याआधी कोणीही मॅरेथॉन धावलेलं नव्हतं.